पातळ लॅपटॉप घेतल्यावर काय मिळाले, काय सुटले? आपले अनुभव लिहावेत

जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. त्याचे वजन १.३६ किलो होते, त्यात सीडी ड्राइव्ह नव्हता आणि यूएसबी जोडण्यासाठी एकच जागा होती. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा निर्णय तेव्हा कंपनीने उघडपणे घेतला होता आणि ग्राहकालाही तो दिसत होता. आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये काय सोडले आहे हे बाहेरून दिसत नाही, ते वापरातूनच कळते. म्हणून हा धागा काढत आहे.

मी पुण्यात भाषांतराचे काम करते. तीन वर्षांपूर्वी १.१ किलोचा एक अतिशय देखणा लॅपटॉप घेतला. तो मला आवडला म्हणून घेतला, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण दिवसाचे आठ तास जी वस्तू डोळ्यांसमोर असते ती सुंदर असावी ही अपेक्षा गैर नाही. शब्दकोश, ब्राउझर आणि दोन दस्तऐवज एकाच वेळी उघडे असले तरी त्याचा वेग कधीही कमी पडला नाही. अडचण आली ती कीबोर्डची. बांधणी पातळ करताना कळा इतक्या उथळ केल्या होत्या की कळ दाबली गेली की नाही हे बोटाला समजत नसे. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड रचनेत, मराठी लिहिताना ख, घ, ध, भ यांसारखी अक्षरे आणि सगळे स्वतंत्र स्वर शिफ्ट धरून येतात, त्यामुळे शिफ्ट नीट बसली नाही की ‘भार’चा ‘बार’ होतो आणि ‘घर’चे ‘गर’ होते. अशा चुका शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाहीत, कारण चुकून उमटलेला शब्दही भाषेत असतो. दुकानात मी पडदा पाहिला, वजन पाहिले, पण मराठीचा एक परिच्छेद टंकून पाहिला नाही.

आपण कोणते काम करता, ते यंत्रावर किती वेळ सलग चालते आणि वर्षभरानंतर आपले मत काय झाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

लेखापरीक्षणाचे काम, डोंबिवली

माझे उत्तर थोडक्यात देता येईल. मला रोज सकाळी लोकलने फोर्टपर्यंत आणि तिथून ग्राहकांच्या कार्यालयांत जावे लागते. जुना लॅपटॉप सव्वादोन किलोचा होता आणि त्याचा चार्जर वेगळा अर्धा किलो भरत असे. गर्दीत पिशवी पाठीवरून काढून पोटाशी धरावी लागते आणि तासभर तसेच उभे राहावे लागते, तेव्हा हा भार काय असतो ते प्रवास करणाऱ्यालाच कळते. गेल्या वर्षी १.२ किलोचा लॅपटॉप घेतला आणि त्यासोबत फोनही चार्ज होईल असा लहान यूएसबी-सी चार्जर आला. उजव्या खांद्याचे दुखणे दोन महिन्यांत थांबले. माझे काम एक्सेल आणि पीडीएफ यांचे आहे. मोठ्या फाइलमध्ये सूत्रे पुन्हा मोजली जाताना काही सेकंद थांबावे लागते, पण ते जुन्या यंत्रावरही थांबावे लागतच होते.

वास्तुविशारद, पुणे

माझा अनुभव याच्या उलट आहे आणि तो थोडा विस्ताराने लिहितो, कारण माझी चूक इतरांनी करू नये असे मला मनापासून वाटते. मी कागदावरची वैशिष्ट्ये वाचून लॅपटॉप घेतला. प्रोसेसरचे नाव उत्तम होते, रॅम १६ जीबी होती, जाडी दीड सेंटिमीटरही नव्हती. ग्राहकांच्या बैठकीत तो टेबलावर ठेवला की छाप पडत असे, आणि आमच्या व्यवसायात त्याला महत्त्व आहे. जो माणूस घर देखणे करून देणार आहे त्याच्या हातातली वस्तूही लोक पाहतात. आराखड्यात फिरणे, भिंत हलवणे, एखादी खिडकी बदलणे ही सगळी कामे त्यावर सुरळीत होत. रेंडर, म्हणजे आराखड्यावरून खऱ्यासारखे चित्र तयार करण्याचे काम, लावले की मात्र पहिली पाच-सहा मिनिटे वेगात जात आणि नंतर गती निम्म्यावर येई. कार्यालयातल्या जाड लॅपटॉपवर जे रेंडर चाळीस मिनिटांत होई, त्याला इथे सव्वा तास लागे.

कारण समजायला मला वेळ लागला. प्रोसेसर जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. पातळ यंत्रांतले अनेक प्रोसेसर १५ किंवा २८ वॉटच्या हिशेबाने बसवलेले असतात, जाड यंत्रांत हा आकडा ४५ वॉट किंवा त्याहून अधिक असतो. थोड्या वेळासाठी पातळ यंत्रालाही जास्त वीज घेण्याची मुभा असते, म्हणून सुरुवात जोमदार होते. मग तांब्याच्या नळ्या आणि लहान पंखे यांना उष्णता पेलत नाही, तापमान शंभर अंशांच्या जवळ जाते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. त्यामुळे एकाच नावाचा प्रोसेसर दोन वेगवेगळ्या कवचांत वेगवेगळ्या वेगाने चालतो, आणि जाहिरातीतला आकडा बहुधा पहिल्या काही मिनिटांचा असतो. आता मी रेंडर कार्यालयातल्या डेस्कटॉपवर लावतो आणि पातळ लॅपटॉप फक्त बैठकांना नेतो. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यासाठी दोन यंत्रांचे पैसे मोजावे लागले.

प्राध्यापक, चंद्रपूर

माझा लॅपटॉप बिनपंख्याचा आहे. ऑनलाइन व्याख्याने ध्वनिमुद्रित करताना त्याची नि:शब्दता मला अतिशय मोलाची वाटते. आधीच्या लॅपटॉपच्या पंख्याची घरघर प्रत्येक ध्वनिफितीत ऐकू येत असे. परंतु त्याच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान १० ते ३५ अंश असे दिलेले आहे, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वीज गेली आणि कूलर बंद पडला की खोलीच पस्तिशीच्या वर असते. अशा वेळी संख्याशास्त्रीय विश्लेषण लावले की यंत्राची पाठ हात ठेववत नाही इतकी तापते आणि काम रेंगाळते. वास्तुविशारदांनी सांगितलेली पाच-सहा मिनिटे आमच्या उन्हाळ्यात दोन-तीनच उरतात. मी विश्लेषणाची कामे एप्रिल ते जून पहाटे करतो. हिवाळ्यात तेच यंत्र निर्दोष चालते. लॅपटॉपची परीक्षणे वातानुकूलित खोलीत लिहिली जात असावीत, असे मला प्रत्येक वेळी ती वाचताना वाटते.

लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

मी चौदा वर्षे लॅपटॉप उघडतो आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

पातळ आणि हलका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. ॲल्युमिनियमचे कवच पातळ असूनही हाताला जड लागू शकते. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच जरा जाड असले तरी हलके असते, कारण मॅग्नेशियमची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश आहे. ज्यांना खांद्यावरचा भार कमी करायचा आहे त्यांनी जाडीचा आकडा पाहण्याची गरज नाही. उलट थोडी जाडी मिळाली तर पंख्याला हवा मिळते, कळांना खोली मिळते आणि बॅटरीला जागा मिळते.

दुसरी गोष्ट रॅमची. पूर्वी ग्राहक यायचे, मी मागचे झाकण काढून दुसरी पट्टी बसवायचो आणि लॅपटॉप आणखी तीन वर्षे चालायचा. आताच्या बहुतेक पातळ मॉडेलांत रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेतलेला विद्यार्थी दोन वर्षांनी माझ्याकडे येतो आणि त्याला नाही म्हणावे लागते, याचे मला वाईट वाटते, कारण त्या पोराने पैसे जमवून यंत्र घेतलेले असते. रॅम बदलता येणार नसेल तर खरेदीच्या वेळीच १६ जीबी घ्यावी, रंग किंवा पडदा यांत तडजोड करावी.

तिसरी गोष्ट बिजागरीची. पातळ झाकणाच्या प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट सैल होतात आणि झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असेल तर बिजागरी कवचासकट उखडते. झाकण नेहमी मधोमध धरून उघडावे. टचपॅड वर उचललेला दिसला, क्लिक घट्ट झाली किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर त्याच दिवशी थांबवावा. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नये. खालच्या जाळ्या बंद होतात. आणि वर्षातून एकदा धूळ साफ करून घ्यावी. प्राध्यापकसाहेबांच्या यंत्राला पंखा नाही, त्यामुळे धुळीचा प्रश्न नाही. त्यांनी तो लाकडी टेबलाऐवजी धातूच्या जाळीदार स्टँडवर ठेवून पाहावा, पाठीची उष्णता थोडी लवकर उतरते.

धागाकर्ती

दादा, आपला मुद्दा माझ्याच घरात पटला. कळांच्या त्रासाला कंटाळून मी वेगळा कीबोर्ड घेतला आणि तो जोडण्यासाठी डोंगल, म्हणजे यूएसबीच्या जागेत बसणारे छोटे जोडणी-उपकरण, घेतला. काल तिन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या तर १.८ किलो भरल्या. दीड किलोचा, खोल कळांचा लॅपटॉप घेतला असता तर पाठीवर कमी वजन राहिले असते.

गृहिणी, सांगली

माझी मुलगी यंदा अभियांत्रिकीला गेली. तिला सर्वांत पातळ लॅपटॉप हवा होता आणि तिच्या बाबांना सर्वांत वेगवान. हा धागा वाचून आम्ही तिघे दुकानात गेलो. तिथल्या मुलाला विनंती करून दोन लॅपटॉपवर अर्धा तास मोठा व्हिडिओ रूपांतरित करायला लावला आणि तेवढ्या वेळात तिने दोन्हींवर मराठी व इंग्रजी टंकून पाहिले. पातळ लॅपटॉप सुरुवातीला पुढे होता. वीस मिनिटांनी तो मागे पडला आणि मनगटाखाली चटका बसेल इतका तापला. दुसरा १.५ किलोचा, राखाडी रंगाचा, रॅमची एक जागा रिकामी असलेला होता. मुलीने तो पिशवीत घालून दुकानातच दोन फेऱ्या मारल्या, वजन चालेल म्हणाली, आणि रंगाबद्दलची तिची नाराजी तिने स्पष्ट बोलून दाखवली. आम्ही राखाडीच घेतला. उरलेल्या पैशांतून तिला आवडली ती निळी पिशवी घेऊन दिली.