‘घुसखोर’ नेमकं कोणाला म्हणावं?

प्रश्न (कोथरूड): एका दिवाळी अंकाची मुद्रितं तपासतोय. सीमेची सुरक्षा आणि माणुसकी यांवरचा लेख आहे. परदेशातून विनापरवाना आलेल्या प्रत्येकाला लेखकाने सरसकट ‘घुसखोर’ केलंय. खटकतंय, पण शुद्धलेखनाच्या कोणत्या नियमावर बोट ठेवू?

उत्तर (सदाशिव पेठ): ‘खोर’वर ठेवा. प्रत्यय फारसी, मूळ अर्थ खाणारा: हरामखोर, लाचखोर. मराठीत तो खोड दाखवू लागला: भांडखोर, चुगलखोर, दंगेखोर. एकदा भांडला म्हणून कोणी भांडखोर ठरत नाही (पेठेत तर मुळीच नाही). मग जीव वाचवायला एकदा सीमा ओलांडलेली बाई घुसखोर कशी? शस्त्र घेऊन नियंत्रण रेषेपलीकडून येणाऱ्याला खुशाल म्हणा. ‘घुसखोरी’ हा शब्दही राहू द्या. तो कृत्याबद्दल आहे आणि सीमा राखणाऱ्यांना त्याची गरज आहे. माणसावर ‘घुसखोर’ चिकटवायचा तर चौकशीनंतर. न्यायालयाच्या बातमीत आपण आरोपी आणि गुन्हेगार वेगळे ठेवतोच ना?

उत्तर (पिंपरी): काका, मग सगळेच ‘निर्वासित’ का? तेही बरोबर नाही. निर्वासित म्हणजे ज्याला घालवून दिलं तो. शरणार्थी म्हणजे जो आसरा मागतो तो. आमचा पिंपरी कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांनी वसवला. ‘निर्वासित’ हा शिक्का पुढच्या पिढ्यांना नकोसा होतो. दिल्लीकडे तर पंजाबी मंडळी शरणार्थी न म्हणवता ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेत. आणि ‘विस्थापित’ लिहाल तर इथल्या वाचकाला आधी धरणंच आठवतील.

उत्तर (औंध): वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून) आलेले चकमा अशा प्रत्येक गटाचं सरकारने वेगवेगळं ठरवलं. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने ‘अवैध स्थलांतरित’ची व्याख्या आली. त्यात दोन प्रकारचे लोक आहेत: वैध कागदांशिवाय आलेले, आणि रीतसर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेले. दुसऱ्याला घुसखोर म्हणणं मराठी म्हणूनच चूक, तो घुसलाच नाही. २०२१ साली काबूल पडलं तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांपुढे हाच पेच होता. व्हिसा संपत आलेला आणि परतायला जागा नाही.

लेखकाला हेही सांगा की सुरक्षा आणि माणुसकी ही कायद्यात दोन टोकं नाहीत. परकीय नागरिकाला इथे वास्तव्याचा मूलभूत हक्क नाही, सरकार त्याला परत पाठवू शकतं. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेलं जीविताचं संरक्षण त्यालाही आहे. चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते स्पष्ट केलं आणि त्यांना हुसकावू पाहणाऱ्यांपासून वाचवण्याचं काम ते राहत होते त्या अरुणाचल प्रदेशाच्या सरकारवर टाकलं.

प्रश्न (कोथरूड): म्हणजे मजकुरात ‘विनापरवाना आलेले’, ‘मुदत उलटून राहिलेले’, ‘आसरा मागणारे’ असं जागेनुसार वेगळं करतो. मथळ्यात मात्र लेखकाला ‘घुसखोर’ हवाच आहे.

उत्तर (सदाशिव पेठ): मथळ्यात ‘घुसखोरी’ घ्या. एकच वेलांटी वाढते, जागेची सबब नको.

उत्तर (औंध): आणि पुढे ‘तडीपार केले’ असं असेल तर तेही काढा. तडीपार होतो तो इथला गुंड, जिल्ह्याबाहेर, ठरावीक काळासाठी. परकीयासाठी ‘परत पाठवणी’ लिहा.

उत्तर (पिंपरी): ‘मायदेशी रवानगी’ नको?

उत्तर (औंध): तो स्वतः जायला तयार असेल तर चालेल.