मदत हवी आहे: लिनक्सवर डीव्हीआरचा (सीसीटीव्ही रेकॉर्डरचा) प्लगइन कसा बसवायचा?
मंडळी, लिनक्सवाले कुणी आहे का इथे? सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. पळतोय मस्त, अडलंय फक्त कॅमेऱ्यांपाशी. फायरफॉक्समध्ये डीव्हीआरचा आयपी टाकला की लॉगिन होतं, पण चित्राच्या जागी काळा चौकोन आणि ‘प्लगइन इन्स्टॉल करा’ (प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम). क्लिक केलं की डॉट ईएक्सई फाइल उतरते. ती विंडोजची, इथे काय डोंबल चालणार!

फायरफॉक्सने २०१७ मध्ये, ५२व्या आवृत्तीपासून, फ्लॅश सोडून असले सगळे प्लगइन बंद केले म्हणे. पुढे फ्लॅशही गेलं. मग जुनं फायरफॉक्स टाकू? बँकेची कामं याच मशीनवर होतात, धीर होत नाही.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आरटीएसपीची (नेटवर्कवरून थेट चित्र पाठवायच्या पद्धतीची) लिंक टाकली की लाइव्ह दिसतं असं ऐकलंय. डीव्हीआरवर त्यासाठीचं ५५४ पोर्ट चालू आहे, पण आयपीच्या पुढे काय लिहायचं ते पुस्तिकेत नाही. ते कसं शोधायचं? आणि मागचं रेकॉर्डिंग तसंच बघता येतं का? रात्रपाळीत सुताचा टेम्पो नेमका कधी आला, यावरून रोज वाद होतोय.