घरच्या गाडीला टो हिच स्वतः बसवावी का?

मूळ मत (मालवण)
आमची चौदा फुटी फायबरची होडी पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावरून मांगरात (घराजवळच्या छपरीत) आणायची म्हटले की दरवर्षी टेम्पो शोधा, चार माणसे जमवा, हे ठरलेलेच असते. कंटाळून मी गेल्या महिन्यात घरच्या स्कॉर्पिओला तयार मिळणारी टो हिच, म्हणजे होडीचा ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे लावायचा आकडा, अंगणातच बसवली. या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, शिडीसारखी, स्वतंत्र असल्यामुळे ना वेल्डिंग करावे लागले, ना नवे भोक पाडावे लागले. कस लागला तो फक्त एका जागी. पेटीसारख्या बंद चासीत बोल्ट आतून आणायचा होता आणि तिथे हात पोचत नव्हता. मग बोल्टच्या आट्यांना बारीक तार गुंडाळली, तारेचे मोकळे टोक पुढच्या मोठ्या भोकातून आत सोडून ठरलेल्या छिद्रातून बाहेर काढले, आधी तारेत ओवलेली चौकोनी पट्टी आणि तिच्यामागून बोल्ट ओढून घेतला. सगळे बोल्ट माहितीपत्रकात दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) आवळले. थोडेफार हत्यार चालवणाऱ्या माणसाने हे काम घरी करायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (चिपळूण)
तारेची युक्ती आवडली, पण निष्कर्ष पटला नाही. बोल्ट बसला म्हणजे गाडी ओढण्यास योग्य झाली, असे होत नाही. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक नसलेला ट्रेलर मागून ढकलू लागला की ब्रेक तापतात, आणि त्या वेळी हिच किती घट्ट आवळली होती याला काही अर्थ उरत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ मापदंडांपासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि याच कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी हवी. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हिचचे कागद मागितले, तर आपण अंगणाचा फोटो दाखवणार का?

प्रतिसाद (देवगड)
चिपळूणकरांचा कायद्याचा मुद्दा रास्त आहे, मात्र त्यांनी घाट उगाच मध्ये आणला. किनाऱ्यापासून मांगरापर्यंत दोन किलोमीटर होडी नेणाऱ्याला कुंभार्लीचे भय कशाला? माझा आक्षेप वेगळा आहे. हे वाचून क्रेटासारखी, वेगळी चासी नसलेली गाडी असणारा कोणी उद्या कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जाईल आणि मागच्या पातळ पत्र्यालाच आकडा चिकटवून घेईल. ते काम घरीही करू नये आणि त्या वेल्डरकडेही करू नये.

प्रतिसाद (वेंगुर्ले)
खाऱ्या हवेबद्दल अजून कोणीच बोलले नाही, याचे नवल वाटते. बोल्ट आवळताना चासीचा रंग खरवडला जातो, तिथेच गंज धरतो, आणि बंद पेटीच्या आत तो बाहेरून दिसतही नाही. उघड्या पडलेल्या पत्र्यावर प्रायमर मारणे आणि समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणे, ही कामे हिच बसवण्याइतकीच महत्त्वाची आहेत. होडी पाण्यात सोडताना मागची चाके लाटेत घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यापेक्षा ट्रेलरला लांब दोर बांधावा. आणखी एक विचारतो, ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी तुम्ही कशी केली?

मूळ मत मांडणारा (मालवण)
तेवढे काम मी वायरमनकडून करून घेतले. मागच्या दिव्याची वायर कापून तीवरच भार टाकण्यापेक्षा बॅटरीवरून फ्यूज आणि रिले (थोड्या विजेने चालणारा स्विच) घालून वेगळी ओळ घेणे बरे, हे मला त्यानेच समजावले. वेंगुर्लेकरांचे प्रायमरचे म्हणणे मात्र मला झोंबले, कारण घाईत ते राहूनच गेले होते. काल गाडीखाली झोपून पाहिले, तर एका वॉशरच्या कडेला तांबूस रेघ दिसू लागली होती. बोल्ट सोडवून, घासून, रंगवून परत आवळणार आहे. कायद्याच्या मुद्द्यावर चिपळूणकरांशी वाद घालत नाही. परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करतो, आणि तोवर ट्रेलर जोडत नाही. परंतु पाना माझ्या हातात असला म्हणून काम कच्चे ठरते, हे मला अजूनही मान्य नाही. गॅरेजमध्ये तरी टॉर्क रेंच किती जण वापरतात?

प्रतिसाद (चिपळूण)
फारच थोडे, हे कबूल करतो. पण गॅरेजवाल्याला पावती मागता येते.