इतिहास आणि प्राणी एकाच जागी बघायला मिळतील असं ठिकाण सुचवा

रानवाटा:
नमस्कार मंडळी, बाबा नुकतेच रिटायर झालेत. त्यांना जुनी शहरं, पाण्याची टाकी, तटबंद्या हे सगळं तासन्‌तास बघायला आवडतं आणि मला जंगल. दरवेळी असं होतं की चार दिवस अवशेष आणि मी कंटाळते, मग चार दिवस सफारी आणि ते जीपमध्ये डुलक्या काढतात. जगात असं कुठे आहे का जिथे दोन्ही खरंच एकाच जागी आहे, शेजारीशेजारी नाही? ऑगस्टपासून पुढे कधीही, दहा-बारा दिवस. बाबांचे गुडघे दुखतात तेही धरा.

पाणकोंबडी:
श्रीलंका, डोळे झाकून. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने बांधला, साधारण १७०० वर्षांपूर्वी, शेतीला पाणी मिळावं म्हणून. कोरड्या महिन्यांत पाणी ओसरतं, तळावर कोवळं गवत येतं आणि बाकी रान सुकलेलं असतं म्हणून आजूबाजूचे हत्ती तिथे जमतात, दोनशे-तीनशेसुद्धा. म्हणजे बाबांचा तलाव आणि तुझे हत्ती ही एकच गोष्ट आहे!! ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट. हत्ती पुढच्या पायाच्या नखांनी गवत उकरतो, सोंडेत जुडी धरून पायावर आपटून माती झाडतो आणि मगच खातो. आम्ही एका हत्तिणीला अर्धा तास फक्त हेच करताना बघत होतो, तिचं पिल्लू शेजारी तेच करायला जायचं आणि दरवेळी जुडी सोंडेतून सुटायची.
सिगिरिया तिथून जवळच आहे, प्रचंड कातळावरचा कश्यप राजाचा ५व्या शतकातला किल्ला. वर जायला १२०० च्या आसपास पायऱ्या आहेत, पण पायथ्याच्या बागा सपाटीवर आहेत आणि तिथली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात, बाबा तिथेच रमतील.

कातळशिल्प:
+१, फक्त एक लक्षात ठेवा, ज्या वर्षी तलावात पाणी जास्त राहतं त्या वर्षी गवत उघडं पडत नाही आणि हत्ती जवळच्या कौडुल्ला नाहीतर हुरुलू पार्ककडे जातात. पार्क आधीपासून बुक करून बसू नका, तिथे पोचल्यावर हत्ती कुठे आहेत ते विचारून ठरवा.
माझं मत मात्र तिकाल, ग्वाटेमाला. माया लोकांचं हे शहर दहाव्या शतकाच्या सुमारास ओस पडलं आणि जंगलाने ते परत घेतलं. १९७९ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, संस्कृती आणि निसर्ग दोन्हींसाठी. तिथे नदी नाही, म्हणून देवळांसाठी दगड काढलेल्या खाणींचेच त्यांनी तलाव केले आणि पावसाच्या पाण्यावर अख्खं शहर जगवलं, हे बाबांना फार आवडेल बघा. चार नंबरचं देऊळ ६५ मीटरच्या आसपास उंच आहे, पहाटे वर बसलो तेव्हा धुकं इतकं की पुढची देवळं दिसेनात, आणि खालून हाउलर माकडांचा आवाज. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच वाटतो, छातीत धडधडतं. फक्त ऑगस्ट-सप्टेंबरला तिकडे पाऊस असतो, फेब्रुवारी-मार्चला जा.

धूळपाटी:
गुडघ्यांचं बघायचं तर टांझानियातलं न्गोरोन्गोरो. तिथे जुन्या ज्वालामुखीच्या विवरात गाडीनेच उतरतात, साधारण ६०० मीटर खाली, गेंडा सिंह सगळं गाडीतूनच. त्याच संरक्षित भागात लेटोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीची माणसाच्या पूर्वजांची पावलं ज्वालामुखीच्या राखेत सापडली, मेरी लीकींच्या टीमला १९७८ मध्ये. मूळ ठसे जपण्यासाठी झाकून ठेवलेत, ओल्डुवाईच्या म्युझियममध्ये त्यांची प्रतिकृती बघायला मिळते. काठावर पहाटे थंडी कडक असते, स्वेटर हवाच.

रानवाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना तलावाचं वाचून दाखवलं तर ते लगेच बांध किती लांब आहे विचारायला लागले. श्रीलंकाच ठरतंय, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. @पाणकोंबडी, जीप सकाळची घ्यावी की दुपारची?

पाणकोंबडी:
दुपारचीच. उन्हं उतरली की कळप झाडीतून तळावर येतात, तीनपर्यंत गेटवर पोचा.