मार्क्स, वेबर, दुर्खीम : बाकीच्यांना पंगतीत जागा कधी?

काठावरची
समाजशास्त्र शिकवते. सिद्धान्ताच्या पेपरात वर्षानुवर्षं तीच तीन नावं. पाश्चात्त्यांच्या बाहेरचा इब्न खल्दून (चौदाव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला अरब विचारवंत) येतो तो पहिल्या तासाला, 'पूर्वसुरी' म्हणून दोन ओळींत, आणि गायब. १३७७च्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात तो म्हणतो, टोळीची 'असबिय्या' (एकमेकांसाठी उभं राहण्याची वृत्ती) तिला सत्तेपर्यंत नेते; मग ऐषआरामात तीच विरते आणि चाळीस-चाळीस वर्षांच्या तीन पिढ्यांत घराणं ढासळतं. हा सिद्धान्त नाही तर काय? नुसती नावं वाढवून भागणार नाही. या संकल्पना वापरायला शिकवा.

जुनाट_पण_ठाम
असहमत. विचार कुठे जन्मला यावर त्याची किंमत ठरत नाही. वेबर शिकवतो तो नोकरशाही कळावी म्हणून, जर्मन म्हणून नव्हे. प्रत्येकाने आपापला माणूस पुढे केला तर शास्त्राचं संमेलन होईल. आणि 'पाश्चात्त्यांच्या बाहेर' म्हणजे नक्की कुठे? आंबेडकरांचा जातीवरचा १९१६चा निबंध कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला, आणि त्यात आधार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ टार्डच्या अनुकरण-नियमांचा (खालचे वरच्यांची नक्कल करतात)!

काठावरची
टार्ड त्यात आहे, पण जात पसरली कशी एवढ्यापुरता. ती टिकते कशी, याचं उत्तर आंबेडकरांचं स्वतःचं. गटाबाहेर लग्न बंद केलं की आत स्त्री-पुरुषांचं प्रमाण राखावं लागतं. नवरा मेला की बायको 'अतिरिक्त': म्हणून सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. विधुराला जाळणं गटाला परवडत नाही, म्हणून त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी. एका नियमातून तिन्ही चाली उलगडतात. ही मांडणी कुठल्याही बंदिस्त गटाला लावून बघा. पण विद्यार्थी ती वाचतात 'भारतीय समाज' या पेपरात. वेबर मात्र 'सिद्धान्त' या पेपरात. दुखणं तिथे आहे.

भिंगवाला
हे त्रिकूट तरी कुठे अनादि आहे? १९३७ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्सने सिद्धान्ताचे आधार म्हणून मांडलेल्या चौघांत मार्शल, परेटो, दुर्खीम आणि वेबर होते. मार्क्सला मानाचं पान नव्हतं! आज परेटो कोण वाचतो? यादी बदलत आलीय, मग आत्ताच सोवळं कशाला?
दुसरं, दुर्खीमने १९१२मध्ये धर्माचा सिद्धान्त उभा केला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर, तिथे पाऊलही न ठेवता. माहिती तिकडची, सिद्धान्त युरोपचा, ही वाटणी जुनीच. पंडिता रमाबाई उलट्या दिशेने गेल्या. अमेरिकेत राहून तिथल्या लोकस्थितीवर १८८९मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं. त्याला आपण प्रवासवर्णन म्हणून मोकळे होतो.

जुनाट_पण_ठाम
निरीक्षण तीक्ष्ण आहे, कबूल. पण रमाबाईंची उचलून दुसरीकडे लावता येईल अशी एक संकल्पना सांगा, उद्या पेपरात घालतो. अमेरिकेतला कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यु बॉईस, त्याला माझी हरकत नाहीच. त्याने घरोघर फिरून फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास केला (१८९९), आणि 'दुहेरी जाणीव' (स्वतःकडे स्वतःच्या आणि गोऱ्यांच्याही नजरेने पाहणं) ही संकल्पना दिली. ती चालते, म्हणून तो आत. शिफारशीवर नव्हे.
बाकी तास मोजकेच असतात. वेबरचे किती कापणार ते आधी बोला.

काठावरची
दोन. रमाबाईंवर अडवलंत खरं, आत्ता उत्तर नाही.
पण गेल्या सत्रात एका मुलीने असबिय्या विद्यार्थी संघटनेला लावून दाखवली. मोर्च्यात सगळे एक, पदं वाटली की फाटाफूट. आणि कुठे बसत नाही तेही तिनेच लिहिलं: टोळीत रक्ताचं नातं असतं, संघटनेत नसतं.

जुनाट_पण_ठाम
तिथे चुकली. इब्न खल्दून रक्तावर थांबत नाही. आश्रित आणि करारबद्ध सोबतीही तो असबिय्येत धरतो. तिला तो भाग पुन्हा वाचायला सांगा.

भिंगवाला
दोन ओळींच्या पूर्वसुरीवर एवढी नजर? :)