राहतं घर हयातीतच मुलांच्या नावे करावं का?

मुठाकाठ (धागाकर्ता):
आमच्या सोसायटीत सध्या बक्षीसपत्रांची साथ आली आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, शहरात अधिभार असेल तर तो वेगळा. त्यामुळे "स्वस्तात होतंय, उरकून टाका" हा सल्ला एजंटापासून जावयापर्यंत सगळेच देतात. माझं मत उलट आहे. राहतं घर हयातीत कुणाच्याही नावे करू नये, मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. आणि उद्या मन बदललं तर नवं करता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं, की आपल्याच घरात आपण पाहुणे.

गोदाघाट:
मृत्युपत्र करणाऱ्याला स्वस्त पडतं हो, निस्तरणाऱ्याला विचारा! आमच्या आईचं मृत्युपत्र चांगलं नोंदणीकृत होतं. फेरफाराची (सरकारी दप्तरात मालकाचं नाव बदलण्याची) नोटीस निघाली आणि मामेभावाच्या चिथावणीने धाकट्याने हरकत घेतली. प्रकरण तक्रारी नोंदीत गेलं, मंडळ अधिकाऱ्यांकडे तारखा, मग दिवाणी दावा. तिथे वकिलांचा पहिला प्रश्न, "साक्षीदार कुठे आहेत?" मृत्युपत्र शाबित करायला निदान एक साक्षीदार, हयात असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. आईने साक्षीला घेतल्या होत्या तिच्याच भजनी मंडळातल्या दोघी. एक वारली, दुसरीला आता नीट ऐकू येत नाही.

बक्षीसपत्रात असलं काही नाही. देणारा स्वतः निबंधकासमोर फोटो, अंगठा देऊन येतो. पाहुणे होण्याची भीती असेल तर हयातभर राहण्याचा हक्क राखून लिहून द्या. ताबा देणाऱ्याकडेच राहिला तरी नोंदणीकृत बक्षीस वैध ठरतं, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच रेणिकुंटला राजम्मा प्रकरणात म्हटलं आहे.

चाळकरी:
एवढा खटाटोप कशाला? सोसायटीत नॉमिनेशन केलंय, विषय संपला.

मुठाकाठ:
@चाळकरी, संपला नाही, तिथून सुरू होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयवाल्या जयंत साळगावकरांच्या मृत्युपत्रावरून जो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, त्यात डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच ठरलं. फ्लॅटचं तर आपल्या सहकार कायद्यातच आलंय: वारसाचे कागद येईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद.

@गोदाघाट, हयातीचा हक्क कागदावर ठीक आहे. पण सुनेने स्वयंपाकघर वेगळं केलं, लिफ्टचा मेंटेनन्स "तुम्हीच भरा" म्हणाली, तर तो कागद रोज कुणाला दाखवायचा? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे खरं. सांभाळ केला नाही तर बक्षीस रद्द होऊ शकतं. पण 2022 च्या निकालात कोर्ट म्हणालं, सांभाळाची अट घातली असली पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात जरा उदार अर्थ लावून आईला घर परत मिळालं. म्हणजे ऐंशीच्या घरात, असे अर्ज जिथे चालतात त्या प्रांत ऑफिसच्या बाकावर पोटच्या पोराविरुद्ध बसायचं. त्यापेक्षा सही केलीच नाही तर?

लेकमाहेरची:
दोघांचं वाचतेय. तुमच्या सगळ्या उदाहरणांत घेणारा मुलगाच आहे, हे लक्षात आलंय का? वडिलोपार्जितात मुलींना समान हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये, आणि वडील 2005 ला हयात असायलाच हवेत असं नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलं. प्रत्यक्षात तेराव्याची पंगत उठते न उठते तोच "ताई, इथे जरा सही कर" म्हणत हक्कसोडपत्र पुढे येतं. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर दिवाळीचा फोनही येत नाही. माझ्या लेखी मृत्युपत्र काय, बक्षीसपत्र काय, बहुतेक घरांत लेकीला गुपचूप वगळायचे दोन रस्ते आहेत. स्वकष्टार्जितात ते कायदेशीरही आहे, म्हणून जास्त राग येतो.

आणि बायकांनो, स्वतःचं मृत्युपत्र करा. हिंदू विधवा मूलबाळ नसताना मृत्युपत्र न करता गेली, तर तिने पगारातून घेतलेला फ्लॅटसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. आईवडील त्यांच्या नंतर. नवरा गेल्यावर ज्या दिराने विचारलं नाही, त्याच्याकडे!

मांडवीकाठ:
ताई, गोव्यात या. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून मुलांचा निम्मा वाटा राखीव, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय मुलाला बेदखल करता येत नाही. मर्जीने द्यायचं ते उरलेल्या निम्म्यातून, मग मृत्युपत्राने द्या की बक्षिसाने. (लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मुळात अर्धी मालमत्ता जोडीदाराची असते, तो भाग निराळाच.) बापाच्या हातात एवढी सत्ता ठेवायचीच कशाला?

गोदाघाट:
म्हणजे वीस वर्षं आईचं सगळं करणारी मुलगी आणि वर्षातून एकदा आंबे खायला येणारा मुलगा, दोघांना राखीव वाटा सारखाच? मला नाही पटत. ताईंचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणूनच म्हणते, लेकीला द्यायचं असेल तर हयातीत, उघड, सगळ्यांसमोर द्या. आपण गेल्यावर तिने भावांशी भांडायचं का?

मुठाकाठ:
लेकीला उघड द्या, यावर वाद नाही. पण गावाकडच्या सामाईक जमिनीवर तुमचा बक्षिसाचा उपाय चालणार नाही. एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा एकट्याने परस्पर बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने तोच हिस्सा देता येतो. साक्षीदारांचं तुमचं बरोबर आहे, भजनी मंडळ नको. पन्नाशीच्या आतले, आणि ज्यांना त्यात काही मिळत नाही असे दोघे घ्या. मन शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला त्याच तारखेचा जोडा.

गोदाघाट:
दाखला होता आमच्याकडे. समोरच्या वकिलाने विचारलं, डॉक्टर तर हाडांचे आहेत, मनाची अवस्था त्यांना काय कळणार? पुढची तारीख पडली आहे.