दहा माणसांच्या गावाला 'नगरपालिका' कसं म्हणायचं?

विचारणा

हॅलिग ग्रोडेवरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतोय. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातलं, उत्तर समुद्रातलं हे चिमुकलं बेट. वस्ती दहाच्या आसपास, पण सरकारदरबारी ती स्वतंत्र 'गेमाइंड'. शब्दकोश तिला बिनदिक्कत 'नगरपालिका' म्हणतो आणि 'ब्युर्गरमाइस्टर'ला 'महापौर'. दहा माणसांना महापौर! गाव लिहू, ग्रामपंचायत लिहू, की मूळ शब्दच ठेवू?

उत्तर

नगरपालिका तर नकोच. 'गेमाइंड'ला आकाराशी देणंघेणं नाही. जर्मनीत अशा सुमारे 10,800 गेमाइंड आहेत आणि मोठमोठी शहरंही कायद्याने त्यांतच मोडतात. 1949 च्या मूलभूत कायद्याच्या (म्हणजे जर्मन राज्यघटनेच्या) कलम 28 ने प्रत्येक गेमाइंडला स्थानिक कारभार आपल्या जबाबदारीवर चालवण्याचा हक्क दिलाय. म्हणजे हा शब्द माणसांचा समूह, त्यांची जमीन आणि त्यांची कारभारी संस्था, तिन्ही एकदम सांगतो. मराठीत ही तीन कामं तीन शब्दांकडे आहेत: गाव, मौजे, ग्रामपंचायत. म्हणून वाक्यागणिक शब्द बदलावा लागेल. 'गेमाइंडने ठराव केला' इथे ग्रामपंचायत, 'गेमाइंडमध्ये राहतात' इथे नुसतं गाव. ब्युर्गरमाइस्टर अर्थातच सरपंच. इतक्या लहान ठिकाणी तो पगारी नसतो, आपला धंदा-शेती सांभाळून मानद काम करतो.

यावर

ग्रोडेपुरती 'ग्रामपंचायत'सुद्धा चुकेल! श्लेस्विग-होल्श्टाइनच्या कायद्यानुसार 70 पर्यंत लोकसंख्या असलेल्या गेमाइंडमध्ये निवडून दिलेले सदस्यच नसतात. गावातले सगळे मतदार मिळून सभा, आणि ती सभाच निर्णय घेते. शब्द आहे 'गेमाइंडफेरझामलुंग', आपल्याकडे ग्रामसभा. फरक एवढाच, की आपल्याकडे ग्रामसभा पंचायतीच्या जोडीला असते (आणि कोरम भरता भरत नाही, ते वेगळं), तिथे ती पंचायतीच्या जागी असते. ठराव करणारं वाक्य आलं, की सरळ 'ग्रामसभेने ठरवलं' लिहा.

आणखी एक मत

'गट ग्रामपंचायत' कुणी सुचवायच्या आत सांगतो: इथे नको. ग्रोडे 'आम्ट पेलवर्म'मध्ये येतं. आम्ट म्हणजे मुळात कचेरी. अनेक गेमाइंड मिळून एक कचेरी चालवतात. कर, दाखले, हिशेब तिथे होतात, पण प्रत्येक गावाची सभा आणि सरपंच शाबूत राहतात. आपल्या गट ग्रामपंचायतीत उलट असतं, गावं अनेक आणि पंचायत एक. आम्टची जात कळायची तर एकाच ग्रामसेवकाकडे चार पंचायतींचा कार्यभार असतो ते डोळ्यांसमोर आणा.

राज्य बदललं की मात्र हे उत्तर बदलतं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने 1970 च्या दशकापर्यंत लहान गावं एकमेकांत विलीन करून टाकली. आज तिथे जेमतेम 396 गेमाइंड उरल्यात. एकेकीत कितीतरी जुनी गावं नुसती 'ऑर्ट्सटाइल', म्हणजे तिचे भाग, म्हणून आहेत. तिथे 'गट ग्रामपंचायत' चपखल बसेल. ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेटने मात्र लहान गावं राखली. त्या एका राज्यात 2,300 च्या आसपास गेमाइंड आहेत, काही ग्रोडेएवढ्याच. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्येही 1,100 हून अधिक. तेव्हा कुठलंही जर्मन गाव भाषांतरायला घेतलं, की आधी राज्य बघायचं.

मूळ विचारणाऱ्याकडून

ताई, सर, आभार. अजून दोन शब्द अडलेत: 'हॅलिग' आणि 'वार्फ्ट'. पुढे 'लांडुंटर'ही येतो.

उत्तर

हॅलिगला नुसतं बेट म्हणून भागत नाही. हॅलिग म्हणजे खाऱ्या गवताचं सपाट कुरण, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आलेलं, उंच बंधारा नसलेलं. अशा दहाच हॅलिग उरल्यात. कोकण-गोव्यातला 'जुवें' शब्द मोहात पाडेल, पण तो खाडी-नदीतल्या बेटाचा. आणि 'खाजण' म्हटलं की बांध आलाच. मूळ शब्द ठेवा, पहिल्या वेळी 'हॅलिग बेट' लिहा.

वार्फ्टसाठी मात्र आपल्याकडे जवळची कल्पना आहे. शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी. वार्फ्ट म्हणजे माणसांनी पिढ्यान् पिढ्या माती टाकून उचललेली पांढरी. ग्रोडेवर अशा दोन आहेत, क्नुड्ट्सवार्फ्ट आणि कीर्शवार्फ्ट. दुसरीवर नावाप्रमाणे चर्च. वार्फ्टवर गुरांसाठी गोड्या पाण्याचं तळंही राखलेलं असायचं, त्याला 'फेथिंग' म्हणतात. चहूकडे समुद्र आणि खरी भीती ते तळं खारं होण्याची! खाली काळी नाहीच, फक्त गवत आणि गुरं-मेंढरं.

हा उंचवटा हौसेचा नाही. 1362 आणि 1634 च्या वादळी भरतींनी या किनाऱ्यावरची गावंच्या गावं गिळली. 1825 च्या फेब्रुवारीतल्या वादळी भरतीत हॅलिगांवर पुन्हा माणसं दगावली. 1962 च्या वादळानंतर घरांत काँक्रीटच्या खांबांवर उभ्या आसरा-खोल्या बांधल्या. भिंती वाहून गेल्या तरी वरची खोली उभी राहावी, हा हिशेब.

आणि लांडुंटर?

'पूर' नको, पूर नदीला येतो. 'उधाण' जवळचं, पण उधाण तिथीवर येतं. लांडुंटरला पाणी रेटणारा वारा लागतो. तो सुटला की कुरण पाण्याखाली, वर दिसतात फक्त वार्फ्ट. वर्षातून अनेकदा होतं, लोकांना त्याचं अप्रूप नाही, म्हणून 'जलप्रलय' वगैरे लिहून पात्रांना घाबरवू नका. उपशीर्षकाला दोन सेकंद मिळत असतील तर 'कुरण बुडालं' एवढंच टाका.